तिसऱ्या माणसाचा 'स'

'द लिस्ट ऑफ नेम्स आर रेडी,' तो म्हणाला आणि मी 'इज' म्हणाले. एवढंच झालं. मोठ्याने नाही म्हणाले, रागाने तर मुळीच नाही. समोरच्याच्या बाहीला चिकटलेला दोरा आपण न विचारता काढून टाकतो ना, तसं ते तोंडातून निघून गेलं. मीटिंगच्या खोलीत आमच्या टीमचे सहा जण होतो आणि क्लायंटकडून आलेले दोघे. तो थांबला. 'इज,' त्याने दुरुस्त केलं, 'इज रेडी,' आणि पुढच्या स्लाइडकडे वळला. कुणी हसलं नाही. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल. पण त्यानंतर काहीतरी बदललं होतं आणि काय ते मला चटकन सापडेना. आवाज तसाच होता, हातही तसेच हलत होते. वाक्यं मात्र आखूड झाली होती. दोन-तीन स्लाइड्स गेल्यावर ध्यानात आलं, की तो सगळंच भूतकाळात सांगायला लागलाय. चालू असलेलं काम, पुढच्या महिन्यात संपणारं काम, सगळं. 'वी प्लॅन्ड', 'दे आस्क्ड', 'द क्लायंट वॉन्टेड'. क्लायंटचं मागणं अजून संपलेलं नव्हतं, ते दोघे समोर बसून मागतच होते.

मला ती युक्ती ओळखू आली, कारण ती माझीच होती.

ज्यांना इंग्रजी आपसूक आलं त्यांना ही गंमत ठाऊक नसते. 'अॅम-इज-आर' सोडलं तर इंग्रजी वर्तमानकाळात एकच काटा आहे: 'ही, शी, इट'च्या क्रियापदाला लागणारा 'स'. बाकी आय, यू, वी, दे, सगळ्यांना क्रियापद जसंच्या तसं, कोरं. भूतकाळात गेलात की तोही काटा नाही. 'वेंट' सगळ्यांना 'वेंट'च. फक्त 'वॉज-वेअर' एवढा एक खड्डा, तो तेवढा बघून ओलांडायचा. मला हा शोध सहावीत लागला. उभं राहून 'माय मदर'वर पाच वाक्यं बोलायची होती आणि मी पहिल्याच वाक्यात 'माय मदर गेट अप' म्हटलं. वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना का हसलो हे माहीत नसावं, पण हसू खरं होतं. पुढच्या आठवड्यात 'माय फादर' होतं. मी रात्रभर विचार करून रस्ता काढला. 'माय फादर वॉज टॉल,' मी सुरू केलं. 'ही वर्क्ड हार्ड. ही सँग वेल. ही हॅड अ ब्लॅक अम्ब्रेला.' एकही चूक नाही. वर्ग चिडीचूप. बाईंनी चष्मा काढला, 'बस हं, बस बाळा,' म्हणाल्या. मधल्या सुट्टीत मला जवळ घेऊन मराठीत हळूच विचारलं, 'कधी झालं गं?' मी विचारलं, 'काय?' घरी गेले तेव्हा बाबा ती काळी छत्री उघडून पडवीत वाळत घालत होते. त्यांना सांगितलं तर ते इतके हसले, की छत्री कोलमडली. बाईंना मात्र मी कधीच काही सांगितलं नाही. वर्षभर त्या माझ्याशी जरा जास्तच मायेने वागल्या आणि मी ते वागणं खुशाल घेतलं.

माझा दुसरा आडोसा होता 'कॅन'. 'शी सिंग्ज' की 'शी सिंग' हे ठरत नसलं, की 'शी कॅन सिंग'. 'कॅन'ला 'स' लागत नाही, त्याच्या पुढच्या क्रियापदालाही लागत नाही, एका दगडात दोन पक्षी. त्यामुळे माझ्या निबंधांतली माणसं विलक्षण कर्तबगार असत. कुणी काही करत नसे, सगळे करू शकत असत. 'कॅन'ला 'स' का नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, सवलत मिळाली की कारण विचारू नये. ते कारण खूप वर्षांनी भाषेच्या इतिहासात वाचायला मिळालं. 'कॅन', 'मे', 'शॅल' ही मुळात भूतकाळाच्या घडणीची रूपं. फार जुन्या काळी त्यांचा अर्थ वर्तमानात सरकला, रूप मात्र भूतकाळाचंच राहिलं. भूतकाळातल्या तिसऱ्या पुरुषाला तो प्रत्यय नव्हताच, म्हणून त्यांनाही नाही. म्हणजे मी दोन वेगळे आडोसे समजत होते, ती एकाच घराची दोन दारं निघाली.

त्या 'स'ची खरी खोच ही, की तो उलटा वागतो. नामाला लागला तर अनेकवचन आणि क्रियापदाला लागला तर एकवचन. 'बॉय रन्स', 'बॉइज रन'. पोराला नुकतं कुठे कळलेलं असतं, की 'स' म्हणजे पुष्कळ. मग 'दे'च्या क्रियापदालाही 'स' नको का? पुष्कळ जण पळतायत ना! हा तर्क चुकीचा आहे असं मला आजही मनापासून म्हणवत नाही. आमच्या बाईंनी त्यावर तोडगा काढला होता: दोघांत मिळून 'स' एकच, नामाने घेतला तर क्रियापदाने हात आखडायचा, नामाने सोडला तर क्रियापदाने उचलायचा. छान होता तोडगा. आठवडाभर टिकला. मग 'चिल्ड्रन' आलं, ज्याने 'स' घेतला नव्हता आणि तरीही क्रियापदाला देत नव्हता. मग 'मॅथेमॅटिक्स' आलं, जे स्वतः 'स' घेऊन वर 'इज' मागत होतं. 'न्यूज'चंही तेच. 'पोलीस' दिसायला एकटे आणि कायम 'आर'. कात्री एकच असली तरी 'सिझर्स आर'.

इंग्रजी ज्यांच्या पाळण्यात असतं त्या पोरांनाही हा 'स' सहज जमत नाही, हे कळलं तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. (जरा नाही, बरंच.) अमेरिकेत रॉजर ब्राउन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. चौदा बारीकसारीक प्रत्यय आणि शब्द मुलं कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, ते त्यात आहे. अनेकवचनाचा 'स' लवकर येतो, क्रियापदाचा पुष्कळ मागाहून. आवाज तोच, जीभ तीच. पहिला 'स' काहीतरी सांगतो: एक नाही, जास्त आहेत. दुसरा काय सांगतो? 'शी गो' म्हटलं तरी कोण जातंय ते कळतंच, 'शी' समोर उभी आहे. मुलं बिनकामाचं ओझं शेवटी उचलतात. त्यांचं काय चुकलं?

नॉर्विचच्या आसपास, इंग्लंडच्या पूर्व भागात, तर जुनी माणसं 'ही गो', 'शी गो' असंच बोलत आली. त्याच गावच्या पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने त्या बोलीचा अभ्यास करून ठेवलाय. उत्तरेकडे त्याच्या उलट, तिथल्या बोलींत 'स' भलत्याच ठिकाणीही लागायचा. आज शाळेत घोटून घेतात तो प्रत्यय खरं तर त्या उत्तरेकडचाच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मी'ला एक, 'तू'ला दुसरा, 'तो'ला तिसरा आणि अनेकवचनाला चौथा असे वेगवेगळे शेवट होते. दक्षिणेकडे 'तो'चा शेवट 'थ'सारखा होता. उत्तरेचा 'स' खाली सरकत लंडनला पोचला आणि काही पिढ्या दोन्ही शेजारी शेजारी नांदले. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया दयेबद्दल बोलते ते प्रसिद्ध भाषण आहे ना, त्यात एकाच ओळीत 'ब्लेसेथ'ही आहे आणि 'गिव्ह्ज'ही. १६११ सालच्या बायबलने मात्र 'थ'च धरून ठेवला, तोवर बोलण्यातून तो जायला लागलेला असूनही. पुढे बाकीचे सगळे शेवट झडून गेले. राहिला तो हा उत्तरेकडचा पाहुणा आणि तोच घराचा मालक होऊन बसला. तसल्याच एका जुळणीवरून मी एका माणसाला भर सभेत अडवलं होतं.

आपल्याकडे क्रियापद इतकं गप्प नसतं. वरच्या पहिल्याच वाक्यात तुम्हाला कळलं, की लिहिणारी बाई आहे. मी सांगितलं नाही, 'म्हणाले'ने सांगितलं. इंग्रजीत 'आय सेड' लिहिलं असतं तर लेख संपेपर्यंत लपून राहता आलं असतं. आपलं क्रियापद लिंग सांगतं, वचन सांगतं, मान सांगतं. 'बाबा आले' आणि 'आई आली' यांतला फरक नुसता स्त्री-पुरुषाचा नाही, बाबा एकटेच आलेले असतात तरी अनेकवचनात येतात. शिवाय आपलं क्रियापद दर वेळी कर्त्याचं ऐकतंच असंही नाही. 'मुलाने चिठ्ठी फाडली', 'मुलीने कागद फाडला'. फाडणारा कोण, याचं क्रियापदाला सोयरसुतक नाही, ते फाटलेल्या वस्तूकडे बघतंय. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून पाच मार्कांपुरतं शिकलो आणि विसरलो. पण ज्याच्या भाषेत क्रियापदाला अशी मान वळवायची सवय आहे, त्याने 'लिस्ट ऑफ नेम्स' म्हणताना 'नेम्स'कडे बघितलं तर फार आश्चर्य वाटायला नको.

आणि 'स' आपल्याकडेही आहे. हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं, त्या मीटिंगनंतर बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या दिसलं. मी जाते, तू जातेस, ती जाते. तू आलास, तू गेलीस, तू केलंस. आपण 'स' देतो तो समोरच्याला, तोही तुम्हीला नाही, तूला. ज्याच्या खांद्यावर हात ठेवता येतो त्याला. इंग्रजी 'स' देतं तो खोलीत नसलेल्याला, ज्याच्याविषयी इतर दोघं बोलतायत त्याला. इंग्रजीतही जुन्या 'दाऊ'ला, म्हणजे तूला, 'स्ट' असा स्वतःचा शेवट होता. मग मान म्हणून एकट्या माणसालाही 'यू' म्हणायची रीत पडली, आपल्या तुम्हीसारखी. ती इतकी पसरली, की 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेलाच, आणि जाताना आपला शेवट घेऊन गेला. एका माणसाला उद्देशून आपण आज 'यू आर' म्हणतो, तो 'आर' त्या मानाच्या अनेकवचनाचा उरलेला वळ आहे. अठराव्या शतकात लोक हिशेबाने वागून बघत होते, माणूस एक तर 'यू वॉज'. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात त्याला घोर चूक ठरवलं. लोकांचं गणित बरोबर होतं हो, पण व्याकरणात गणित चालत नाही. आज एका व्यक्तीसाठी 'दे आर' ऐकून कपाळाला आठ्या घालणारे लोक 'यू आर' दिवसातून शंभरदा म्हणतात, तेव्हा त्यांना काही टोचत नाही. मलाही 'दे'ची सवय व्हायला वेळ लागला, खोटं कशाला बोला.

मी ज्या चुकीवर त्याला अडवलं, ती चूक तर चांगली जानी-मानी आहे. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या दोघींनी १९९१ साली नेमकी तीच तपासली होती. लोकांना वाक्याची सुरुवात द्यायची आणि पुढचं बोलून पूर्ण करायला सांगायचं. 'द की टू द कॅबिनेट्स…' किल्ली एक, कपाटं अनेक, आणि बोलणाऱ्याची जीभ कपाटांकडे घसरते: 'आर'. ही सगळी इंग्रजीतच वाढलेली माणसं. उलट्या बाजूने, किल्ल्या अनेक आणि कपाट एक असलं, की सहसा कुणी घसरत नाही. पुष्कळाची ओढ एकाला ओढून नेते, एकाची ओढ पुष्कळांना नाही. हे वाचून मी त्या रात्री लॅपटॉप उघडला आणि त्याच आठवड्यात मी पाठवलेल्या मेल्स चाळायला बसले. चवथ्याच मेलमध्ये सापडलं. 'द क्वालिटी ऑफ द रिपोर्ट्स हॅव इम्प्रूव्ह्ड.' क्वालिटी हॅव! खाली माझी सही, हुद्द्यासकट. वर सगळ्यांना 'सीसी', त्यालाही. त्याने ती वाचली असणार. त्याला दिसलीही असेल, किंवा नसेल. मला कुणी 'हॅज' म्हणालं नव्हतं.

दोन दिवस मी ते मनात घोळवलं. त्याला जाऊन सॉरी म्हणावं, तर कशाबद्दल? चूक तर चूक होती, आणि मी सांगितली ती दुरुस्ती बरोबरच होती. पण एक शब्द दुरुस्त करून मी त्याचा अख्खा वर्तमानकाळ काढून घेतला होता, हे कसं सांगायचं? शेवटी लिफ्टमध्ये दोघंच असताना म्हटलं, 'त्या दिवशी मी तुला मध्येच टोकायला नको होतं. लिस्ट इज, लिस्ट आर, काय फरक पडतो.' तो पटकन म्हणाला, 'नाही नाही मॅडम, बरं झालं सांगितलंत. माझं ग्रामर कच्चंच आहे.' आणि हसला. ते हसू मी ओळखते, सहावीतलं आहे ते. मला सांगायचं होतं, की अरे, तू कुठे लपलायस ते मला माहीत आहे, तिथे मीही राहिले आहे. तेवढ्यात तिसरा मजला आला.

मग मी नको तो उत्साह केला. कुठे 'इज' आणि कुठे 'आर', याला पक्कं उत्तर नसतं अशा जागा त्याला दाखवाव्यात म्हणजे धीर येईल, असं मला वाटलं. 'टीम'चं उदाहरण घेतलं. म्हटलं, अमेरिकेत 'द टीम हॅज' म्हणतात, ब्रिटिश लोक खुशाल 'द टीम हॅव'ही म्हणतात. टीम हा एक जिन्नस म्हणून बघितलास तर एकवचन, त्यातली माणसं बघितलीस तर अनेकवचन. 'युनायटेड स्टेट्स'चंही सांगितलं: आज 'इज', पण १८६५ साली गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती झाली, तिच्यात त्या देशासाठी 'देअर' वापरलंय, 'त्यांच्या' अखत्यारीत म्हणून. एक देश की अनेक राज्यं, हे त्या एका शब्दात दिसतं. मी रंगात आले होते. 'अ नंबर ऑफ पीपल आर' आणि 'द नंबर ऑफ पीपल इज' यावरही बोलले. तो वहीत लिहून घेत होता. मान हलवत होता. मध्ये एकदा म्हणाला, 'म्हणजे मॅडम, टीमला दोन्ही चालतं?' मी म्हटलं, 'दोन्ही. तुला टीम कशी दिसते त्यावर आहे.' त्याने पेनाने काहीतरी खोडलं आणि परत लिहिलं. दोन्ही चालतं म्हणजे धीर येतो, हे माझं गृहीत. ज्याला एकच वाट धड माहीत नाही, त्याला दोन वाटा दाखवून काय होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

परवा त्याने तिमाही अहवालाचा मसुदा दिला. 'मॅडम, इंग्रजी जरा बघाल?' बारा पानं, नीट छापलेली, कडेला माझ्यासाठी समास सोडलेला. मी हिरवं पेन घेतलं. लाल मुद्दाम नाही घेतलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. पेन टेकायला जागाच मिळेना. स्पेलिंग चोख, आर्टिकल जिथल्या तिथे, स्वल्पविरामही शिस्तीत. आमचं ऑफिस दोन मजल्यांवर 'ऑक्युपाइड' होतं. सर्व्हर रात्री 'रॅन' होता. आमचं काम तीन टप्प्यांत 'हॅपन्ड'. क्रियापदाला 'स' लागेल अशी एकही जागा बारा पानांत नव्हती. कुठे 'कॅन' होता, कुठे 'वुड'. सातव्या पानावर टीमची ओळख होती, त्यातलं पहिलं वाक्य: 'आवर टीम हॅड सिक्स मेंबर्स.'

मी मान वर करून बघितलं. मला धरून सहाही जण जागेवर होते. खिडकीपाशी पाठमोरा बसून काहीतरी टाइप करत होता, तोसुद्धा.